साळव्यांचं साधं खातं

याकोबराव साळवे आमच्या घरात कोणालाच आवडत नसत. त्यांचा आवाज रस्त्यात ऐकू आला की माझी धाकटी बहीण दार लोटून घ्यायची. आई हातातलं काम जरा जोरात करायला लागायची. आज इतक्या वर्षांनी मी त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, म्हणून माझा राग निवला असं कोणी समजू नये. तो तसाच आहे. फक्त हा माणूस डोक्यातून जात नाही.

उंच, हाडकुळे, रंगानं काळेसावळे. अंगात खाकी कोट, कर्जतच्या उन्हाळ्यातसुद्धा. गालात एक लवंग कायम. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत, हातांकडे बघत. समोरचा आता आपल्याला काय देतो किंवा आपलं काय उचलतो, एवढंच त्यांना बघायचं असावं. आणि दुसऱ्याच्या घरी गेले तर बसत नसत. खुर्ची दिली, घोंगडी टाकली, तरी एकच उत्तर : "उभाच बरा."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्यांची मोटार सर्व्हिस होती, नगर ते कर्जत, मिरजगाववरून. ते मूळचे मिरजगावचेच. वडील आमच्या मिशनच्या शाळेत शिपाई होते. मुलगा मोटारींचा मालक झाला याचा आम्हा ख्रिस्ती मंडळींना त्या काळी केवढा अभिमान होता, हे आता सांगूनही खरं वाटणार नाही. वेळेच्या बाबतीत साळवे मामलेदारालाही भीक घालत नसत. एकदा आमचे पाळक छत्री सावरत धावत येत होते आणि मोटार सुटली. लोक ओरडले, "अहो, पाळकसाहेब राहिले." साळवे ड्रायव्हरच्या शेजारून म्हणाले, "त्यांच्यासाठी देव थांबंल. मोटार थांबत न्हाई." पाळकांनी पुढच्या रविवारच्या प्रवचनात गर्वाबद्दल बरंच सांगितलं. साळवे पहिल्या बाकावर बसून लवंग चघळत ऐकत होते.

लढाई आली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. मग मोटारीच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. त्या धुरावर गाड्या चालायच्या, म्हणजे चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. इंजिनं बसली. टायर मिळेनात, मिळाले तर चोरट्या भावानं. दुसरा कोणी असता तर गाड्या विकून मोकळा झाला असता. साळव्यांनी आणखी एक गाडी घेतली, आणि तिच्यासाठी पैसे उभे केले ते आमच्यासारख्यांकडून. चर्चमधली निम्मी कुटुंबं त्यात होती. कर्जतचे टायर-पेट्रोलवाले अण्णा शिंदे होते, पोस्टमास्तर होते, साळव्यांचा सख्खा मेव्हणा होता. आणि माझी आई होती.

आई मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होताना तिला जी रक्कम मिळाली ती तिनं माझ्या बहिणीच्या लग्नासाठी राखली होती. साळवे आमच्या ओसरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचे पैसे पेटीत निजलेत. माझ्याकडं द्या, धावतील तरी." यात विनंतीचा सूर नव्हता. आईनं दिले. का दिले, हे तिनं मला कधी सांगितलं नाही.

वर्ष-दीड वर्षात साळव्यांनी नगरच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज दिला. कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरनं गाड्या, शेड, घरातली भांडी, सगळं विकलं आणि घेणेकऱ्यांत वाटलं. रुपयामागे जेमतेम दोन आणे हातात पडले. पुढे कोर्टानं साळव्यांना मोकळं केल्याचा हुकूमही दिला. म्हणजे कायद्यानं मागची देणी संपली. कर्जतमध्ये मात्र कोणाच्याच मनातून ती संपली नव्हती.

त्यांनी निदान खाली मान घालून वावरावं अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी तेही केलं नाही. मोकळं झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी ते चर्चमध्ये आले आणि नेहमीच्या पहिल्या बाकावर बसले. त्या बाकावरचे बाकीचे लोक एकेक करून उठले आणि मागे जाऊन उभे राहिले. साळव्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवर आपली टोपी ठेवली आणि गीतपुस्तक उघडलं. त्यांची मुलगी रूथ तेवढी त्यांच्याशेजारी बसून होती. ती सबंध उपासना संपेपर्यंत रडत होती. त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. बायको आधीच वारलेली. घरात बापलेक दोघंच.

ते विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायला लागले. काम चांगलं करत, त्यामुळे शिव्या देत का होईना लोक बोलवत. मजुरी रोख मिळे. ती ते घरात पत्र्याच्या डब्यात ठेवत. एके दुपारी ते कामावर असताना मेव्हणा घरात शिरला आणि रूथच्या समोर डबा उचलून घेऊन गेला. साळवे चौकीत गेले. फौजदार हसून म्हणाले, "अहो, त्याचंच तुमच्याकडे येणं होतं ना?" कोर्टाचा हुकूम दाखवला तर म्हणाले, "घरगुती मामला आहे, घरात मिटवा."

मग ते पोस्टात गेले. पोस्टमास्तरांनी सांगितलं, बचतीच्या खात्याचे फॉर्म संपलेत, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यातही फॉर्म आले नाहीत. त्याच खिडकीवर दुसऱ्यांना ते मिळत होते.

म्हणून ते आमच्या बँकेत आले. बँक म्हणजे काय, भाड्याच्या घराची पुढची खोली. गजांची एक खिडकी, दोन टेबलं, एक तिजोरी. मी तिथं कारकून होतो. कुलकर्णी नावाचे मॅनेजर होते.

"काय काम?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"खातं उघडायचंय. साधं, बचतीचं."

कुलकर्ण्यांनी चष्मा काढला. "साळवे, ही बँक आहे. तुम्ही नादार."

"हुतो. कोर्टानं मोकळं केलंय." त्यांनी आतल्या खिशातून हुकूम काढून टेबलावर ठेवला.

कुलकर्ण्यांनी तो उघडला नाही, बोटानं परत सरकवला. "कोर्टाचं कोर्टापाशी. आमच्या संचालकांपैकीच काहींचे पैसे तुमच्याकडे बुडालेत. त्यांना मी काय सांगू?"

"सांगा, साळवे कर्ज मागायला आला न्हवता. चेकबुक नको, उधारी नको. मी पैसे देतो, तुमी ठेवा. मी मागंन तवा माझेच मला द्या. ह्यात तुमचं काय बुडतंय?"

मग कुलकर्ण्यांनी नियम काढला. नव्या खात्याला जुन्या खातेदाराची ओळख लागते. कोणाची तरी सही आणा. कर्जतमध्ये साळव्यांसाठी सही करणारा माणूस मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि मला ते बरं वाटलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी साळवे बँकेच्या पायरीवर येऊन उभे राहिले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचे, "खातं हाय का इथं? माझ्यासाठी सही करता?" मोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं. लोक ओशाळायचे, काही चिडायचे. एक-दोघं शिव्या देऊन गेले. कुलकर्ण्यांनी शिपायाला सांगून त्यांना पायरीवरून हटवलं तर ते खाली रस्त्यात उभे राहिले. "रस्ता बँकेच्या मालकीचा न्हाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर दर बाजारला हेच. खातेदार बँकेत यायचं टाळू लागले.

एकदा त्यांनी मलाही गाठलं. "प्रभाकर, तुझं खातं हाय. करतोस सही?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यामागून येणाऱ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटी सही केली ती अण्णा शिंद्यांनी. साळव्यांनी सगळ्यांत जास्त बुडवलं होतं ते त्यांचंच. ते एके दिवशी धोतराचा सोगा सावरत आत आले आणि म्हणाले, "आना कागद. ह्याची वळख मी देतो."

कुलकर्णी गोंधळले. "अण्णा, तुम्ही?"

"मला ह्याचा पुळका न्हाई. ह्यानं मला धुतलाय. पन घरात गाडून ठिवलं तर मला काय कळनार? हितं ठिवलं तर किती झालं ते कळंल तरी."

साळवे बाजूलाच उभे होते. अण्णांच्या बोटांतल्या जाडजूड अंगठ्यांकडे बघत म्हणाले, "कळू द्या. हात लावता येनार न्हाई."

"ते बगू," अण्णा म्हणाले, आणि सही केली. असं ते खातं उघडलं.

पुढे ते खातं त्यांनी ज्या तऱ्हेनं चालवलं त्यानं माझा जीव मेटाकुटीला आला. मजुरी मिळाली की संध्याकाळच्या आत भरायची. घरखर्चापुरतं काढायचं ते नेहमी थोडं थोडं, कारण घरात रक्कम ठेवायची नाही हे त्यांनी ठरवलं होतं. स्लिप पालथी करून सरकवायचे, मागच्याला दिसू नये म्हणून. मी शिल्लक सांगायला तोंड उघडलं की "आवाज खाली." पासबुकात शाईचा ठिपका पडला तर शेजारी माझी सही घ्यायचे. त्यांनी कधी "नमस्कार" म्हटलं नाही, कधी "येतो" म्हटलं नाही. आठवड्यातून किती तरी वेळा मला त्या माणसाचे, ज्यानं माझ्या बहिणीचं लग्न लांबवलं त्याचे, पैसे मोजून घ्यावे लागत.

आवाज मी खाली ठेवला, पण कुलकर्ण्यांनी ठेवला नाही. अण्णा शिंदे अधूनमधून चहाला यायचे आणि जाताना त्यांना साळव्यांचा आकडा ठाऊक झालेला असायचा. तिथून तो बाजारात जायचा, जाताना थोडा फुगायचा. मग लोक साळव्यांच्या दारात जाऊन बसू लागले. "एवढे साठलेत म्हनं. आमचे द्या."

साळव्यांनी कुलकर्ण्यांना एका शब्दानं विचारलं नाही. रीतसर आगाऊ सूचना दिली आणि ऐन बाजारच्या दिवशी, बँक माणसांनी भरलेली असताना, त्यांनी एक रुपया ठेवून बाकीची सगळी रक्कम काढली. मग खिडकीपासून न हलता, तिथल्या तिथं, मोठ्यानं नोटा मोजल्या. मोजून झाल्यावर ते वळले आणि म्हणाले, "ऐकलं सगळ्यांनी? आता मॅनेजरला चहा पाजायची गरज न्हाई." आणि तीच रक्कम पुन्हा माझ्यापुढे सरकवली. "घे. भर." कुलकर्ण्यांचे कान लाल झाले होते. बाजारातली कुजबुज मात्र त्या दिवसापासून ओसरली. सगळ्यांच्या देखत मोजलेला आकडा फुगवून सांगण्यात कोणाला गोडी उरली नाही.

तरीही एक समजूत सगळ्यांच्या मनात होती. हा आज ना उद्या आपलं देणं देणार, नाही तर साठवतोय कशाला? आईनं एकदा उपासनेनंतर त्यांना सरळ विचारलं. "याकोबराव, माझं काय?"

"बाई, कोर्टानं वाटले ते तुमचे. बाकीचे गेले."

"म्हणजे देणार नाही?"

"न्हाई."

आई घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, खोटं तरी गोड बोलायचं होतं त्यानं. आई म्हणाली, "खोटं बोलला नाही, तेवढं एकच त्याच्याकडे आहे." म्हणताना तिच्या आवाजात मायेचा लवलेश नव्हता.

साठवत होते ते रूथसाठी. ती मराठी सातवीची फायनल पास झाली होती. आईचीच विद्यार्थिनी. तिला स्थळ येत नव्हतं. नादाराची पोरगी म्हणून आमच्या मंडळींतही कोणी तिचं नाव काढत नसे. दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला तिची निवड झाली. गणवेश, अनामत, प्रवास, पहिल्या काही महिन्यांचा खर्च, याला जवळजवळ सगळी शिल्लक लागणार होती. मोठी रक्कम काढायची तर आगाऊ सूचना द्यावी लागे. ती साळव्यांनी वेळेवर दिली होती. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं रूथ निघाली नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

त्या सकाळी ते आले तेव्हा कुलकर्णी म्हणाले, "आज जमणार नाही. संचालकांच्या कानावर घालायचंय. सोमवारी या."

आदल्या दिवशी अण्णा शिंदे येऊन गेले होते. दार बंद करून बोलणं झालं होतं. साळव्यांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कुलकर्ण्यांच्या टेबलावरच्या हातांकडे बराच वेळ बघितलं. मग समोरची खुर्ची ओढली आणि बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्याच्या जागेत बसलेलं पहिल्यांदा बघत होतो.

"पैसे मिळंपर्यंत उठत न्हाई," ते म्हणाले.

कुलकर्ण्यांनी दमात घेतलं, शिपायाला हाक मारली. शिपाई आला, पण हात लावायला धजेना. दुपार व्हायला आली. साळवे कोटाची बटणं लावून ताठ बसलेले. कपाळावरून घाम ओघळत होता, तोही ते पुसत नव्हते. मी मान खाली घालून आकडे लिहीत होतो. खरं सांगायचं तर मला तमाशा बघायचा होता.

तेवढ्यात आई आत आली.

रूथ तिच्याकडे गेली असणार. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि साळव्यांकडे न बघता कुलकर्ण्यांपुढे उभी राहिली. "ह्यांचे पैसे ह्यांना द्या."

"बाई, तुम्ही सांगताय? तुमचेच तर—"

"माझे बुडवले ते ह्यांनी. ते मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. हा माणूस मला आवडत नाही. पण त्यांनी बुडवले ते कोर्टात जाऊन, उघड. तुम्ही ह्यांचे बुडवताय ते ह्या खुर्चीत बसून. उद्याच्या मोटारीनं ती मुलगी गेली पाहिजे. नाही तर माझं खातं आज बंद करा, आणि मी चर्चमधल्या प्रत्येकाला त्यांचं बंद करायला सांगीन. का, तेही सांगीन."

आई आवाज चढवत नसे. शाळेतही चढवला नव्हता. कुलकर्ण्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, जणू मी आईला आवरावं. मी तिजोरीच्या किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

मी रक्कम मोजून दिली. साळव्यांनी ती स्वतः मोजली, पुडकं आतल्या खिशात घातलं आणि उठले. आई अजून तिथंच होती. ते तिच्यापुढे थांबले. आता तरी काही बोलतील असं मला वाटलं. ते तिच्या हातांकडे बघत म्हणाले, "बाई, ह्यातलं तुमाला काही मिळनार न्हाई."

"मागितलं कोणी?" आई म्हणाली.

ते गेले. रूथ दुसऱ्या दिवशी गेली. आई तिला पोचवायला मोटारीपर्यंत गेली होती. साळवे मोटारीच्या या बाजूला आणि आई त्या बाजूला अशी दोघं उभी होती, एकमेकांशी बोलली नाहीत, असं बहिणीनं सांगितलं. अण्णा शिंद्यांनी बँकेत येऊन आपली सही मागे घेता येईल का म्हणून विचारलं. ती मागे घेता येत नव्हती.

त्यानंतरही ते खातं एक रुपयावर चालू राहिलं आणि पुन्हा हळूहळू भरू लागलं. रूथ पगारातून पैसे पाठवायची, तेही साळवे त्यातच टाकत. माझ्या आईला शेवटपर्यंत एक पैसा मिळाला नाही. बहिणीचं लग्न मी कर्ज काढून केलं.

स्वातंत्र्य आलं, कुलकर्णी बदलून गेले. नवे मॅनेजर तरुण होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा साळव्यांचं पासबुक चाळलं आणि खूश झाले. इतकं नियमित खातं आमच्याकडे दुसरं नव्हतं. "साळवे, बसा ना," ते म्हणाले. साळवे उभेच राहिले. "तुम्ही इंजिनांचं काम जाणता. स्वतःचं वर्कशॉप का काढत नाही? बँक कर्ज देईल. मी शिफारस करतो."

गालातली लवंग थांबली. तोंडावरून असं काही सरकून गेलं की मला वाटलं, हे आता हो म्हणणार. त्या क्षणी मला भीती वाटली. पुन्हा कोणाच्या तरी ओसरीवर उभे राहून ते पैसे मागताहेत असं मला दिसलं. त्यांनाही तेच दिसत असेल का, सांगता येत नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि मॅनेजरांच्या डोळ्यांकडे बघितलं. "साळव्याला कर्ज देऊ नका, साहेब," ते म्हणाले. "मी त्याला वळखतो."

पासबुक उचलून ते बाहेर पडले. काही दिवसांतच माझी बदली नगरला झाली, त्यामुळे ते मला दिसले ते तेव्हाचेच शेवटचे. खिडकीच्या गजांतून दिसत होतं. ऊन टळटळीत होतं. ते रस्त्याच्या मधोमध चालले होते, कोटाची सगळी बटणं लावून. मागून कोणाची तरी बैलगाडी आली, गाडीवान बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. ते बाजूला झाले नाहीत. गाडीवानानंच चरफडत बैल रस्त्याच्या कडेनं घातले आणि त्यांना वळसा घालून पुढं काढले.